गोलरक्षिकेचा व्यवसाय आणि आपल्या कन्या

(मंडळाच्या मुरुड येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



यंदाच्या मेळाव्यात चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली आणि विषयाची निवड आमच्यावरच सोपविली. आम्ही ‘फुटबॉलच्या खेळातील गोलरक्षिका’ असा विषय लिहून पाठविला. दुसऱ्याच दिवशी चिटणीसांनी विचारले, “लिहिण्यात काही चूक तर झाली नाही ना?” त्यांच्या शंकेत वावगे असे काही नाही. वधूवर-परिचय, छात्रालयाची इमारत, हुंड्याची चाल, गुणवंतांचा गौरव, असे विषय या व्यासपीठावरून ऐकण्याची आपणां सर्वांस सवय आहे. शिवाय आम्ही स्वतः जन्मात फुटबॉलला पाय लावलेला नाही. आमच्या बालपणी आपल्या मुरुडात हुतूतू, आट्यापाट्या आणि खोखो एवढेच खेळ माहीत. तेव्हा चूक लिहिण्यात झालेली नाही. चूक तीन वर्षांपूर्वी झाली, ती आमच्याच हातून झाली, आणि तिची हकिकत सांगता यावी म्हणूनच हा विषय घेतला आहे. परंतु ती सांगण्यापूर्वी गोलरक्षिका म्हणजे कोण आणि तिचा व्यवसाय तो कसला, हे आपणांपुढे मांडणे अवश्य आहे. कारण तेवढे जरी आम्हांस त्या वेळी ठाऊक असते, तरी आमची लेखणी थोडी अडखळली असती.

फुटबॉलच्या मैदानावर प्रत्येक पक्षाचे अकरा गडी असतात. त्यांपैकी दहा जण पायांनी खेळतात. हातांचा उपयोग करण्याची मुभा फक्त अकराव्यास, आणि तीही आपल्या गोलापुढे आखलेल्या चौकोनापुरतीच. गोलाची चौकट चोवीस फूट रुंद आणि आठ फूट उंच असते. एखाद्या जुन्या वाड्याची पुढची भिंत दारासकट काढून टाकावी म्हणजे जेवढे भगदाड पडेल, साधारण तेवढी ती जागा. पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या खेळांत या मापात एका इंचाचाही फरक नाही. सव्वासहा फुटी पुरुषाने जी चौकट राखावयाची, तीच साडेपाच फुटी मुलीनेही राखावयाची.

ती राखावी कशी? उंच उड्या मारून, अशी आमची भाबडी समजूत होती. जाणकारांनी आम्हांस समजाविले की, उडी हा अखेरचा उपाय होय. खरे कौशल्य उभे राहण्याच्या जागेत आहे. त्यांनी दिलेला दाखला आमच्यासारख्या, कंदिलाच्या उजेडात अभ्यास केलेल्या माणसास लगेच पटला. कंदिलापुढे हात धरला तर भिंतीवर त्याची सावली पडते, आणि हात कंदिलाच्या जितका जवळ न्यावा तितकी ती सावली मोठी होते. चेंडू हा कंदील समजा आणि गोल ही भिंत. गोलरक्षिका रेषेवर खिळून राहिली तर तिच्या दोन्ही बाजूंस मैदान मोकळे. चार पावले चेंडूकडे सरसावली की तीच मोकळी जागा निम्म्याने आटते. मात्र पाचवे पाऊल जास्त पडले तर चेंडू डोक्यावरून आत जातो. हा सारा हिशेब धावत्या माणसाकडे पाहत क्षणार्धात करावयाचा. त्यातच १९९२ पासून नियम असा झाला की, आपल्याच गड्याने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घ्यावयाचा नाही. आणि २०२५ सालापासून हाती आलेला चेंडू आठ सेकंदांहून अधिक काळ धरून ठेवला तर प्रतिपक्षास कोपऱ्यावरून मार मिळतो. म्हणजे हात असूनही पाय शिकणे तिला सुटले नाही.

पडण्याचेही शास्त्र आहे. कोपरावर किंवा तळहातावर पडावयाचे नाही. पोटरी, मांडी, कंबर आणि खांदा अशा क्रमाने कुशीवर उतरावयाचे. हिरवळीवर हे सोपे असेल. आपली काळी जमीन पावसाळ्यात पाय धरून ठेवते आणि चैत्र-वैशाखात तिला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. शाळेची मैदाने मुरमाची. अशा ठिकाणी ज्या मुलीने पडणे शिकावयाचे तिने आधी उसाचे पाचट पसरून त्यावर गोणपाट अंथरावा लागतो. हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही, डोळ्यांनी पाहिले आहे. कोठे पाहिले, तेही पुढे येईल.

परंतु या सर्वांहून ज्या एका गोष्टीने आमच्या मनात घर केले ती गोष्ट आवाजाची. समोरचे सबंध मैदान एका दृष्टीत दिसते ते केवळ गोलरक्षिकेलाच. डावीकडून कोण सुटली, आपली कोण मागे राहिली, हे इतरांच्या पाठीशी घडत असते. तेव्हा तिने ओरडून सांगावयाचे असते: “डावीकडे हो, पुढे जा, सोड, माझा!” उंचावरून येणाऱ्या चेंडूसाठी ती निघाली आणि ओरडली नाही, तर आपल्याच दोघी एकमेकींवर आदळतात. न ओरडणारी गोलरक्षिका कितीही चपळ असली तरी निम्मीच गोलरक्षिका, असे शिकविणारे म्हणतात. आता आपल्या घरांतील रीत आठवून पाहावी. मुलीच्या जातीने हळू बोलावे, चारचौघांत आवाज चढवू नये, हे बाळकडू आपण तिला पाळण्यापासून पाजतो. आणि मग तीच मुलगी मैदानावर गप्प उभी राहिली म्हणजे ‘मुलींना हा खेळ जमत नाही’ असा निवाडा देतो!

दुसरी गोष्ट यशापयशाची. पुढे खेळणारीने नऊ संधी वाया घालविल्या आणि दहावीवर गोल केला तर तिच्या गळ्यात हार पडतो. गोलरक्षिकेने नऊ मार अडविले आणि दहावा सुटला, तर घरी जाताना लोक त्या दहाव्याविषयी बोलतात. हा न्याय आपल्या स्वयंपाकघरांतही चालतो, हे येथे बसलेल्या भगिनींस आम्ही सांगावयास नकोच.

आता जिच्या आयुष्यक्रमामुळे आमचे डोळे उघडले तिच्याविषयी. अदिती चौहान यांचा जन्म १९९२ साली चेन्नईस झाला. वाढल्या मात्र त्या दिल्लीत. लहानपणी कराटे शिकल्या, शाळेत बास्केटबॉल खेळत. पंधरा वर्षांच्या असताना दिल्लीच्या एकोणीस वर्षांखालील फुटबॉल संघाच्या निवडीस गेल्या आणि गोलरक्षिकेची जागा त्यांच्या वाट्यास आली. हातांना बास्केटबॉलचे वळण होते, ते येथे कामी आले. पुढे दिल्लीच्या जीझस अँड मेरी महाविद्यालयातून मानसशास्त्राची पदवी घेतली, भारतीय संघात खेळू लागल्या, आणि मग इंग्लंडातील लफबरो विद्यापीठात क्रीडा-व्यवस्थापनाचे उच्च शिक्षण घेण्यास गेल्या. तेथे असतानाच २०१५ साली लंडनच्या वेस्ट हॅम युनायटेड या नामांकित क्लबाच्या महिला संघात त्यांचा प्रवेश झाला. इंग्लंडच्या महिला लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून वृत्तपत्रांनी त्यांचा गौरव केला.

पहिला सामना १६ ऑगस्ट २०१५ रोजी झाला, कॉव्हेंट्रीच्या संघाशी. निकाल: शून्य विरुद्ध पाच. पाचही चेंडू अदितींच्या पाठीमागच्या जाळ्यात. ही गोष्ट आमच्या नातीने आम्हांस वाचून दाखविली तेव्हा आम्ही सहज म्हणालो, “मग दुसऱ्या दिवशी घरी पाठविली असेल.” नात म्हणाली, “नाही आजोबा, तीन वर्षे ठेवली.” त्याच वर्षी इंग्लंडमधील आशियाई फुटबॉल पुरस्कारांत ‘फुटबॉलमधील स्त्री’ हा सन्मानही त्यांना मिळाला. त्या शून्य-पाचाच्या निकालावर आम्ही रात्री बराच वेळ विचार करीत पडलो होतो. आपल्या छात्रालयातील मुलगा एका विषयात नापास झाला तर आपण त्याची शिष्यवृत्ती चालू ठेवतो. फेरपरीक्षेची फीही देतो. मुलगी एक सामना हरून आली तर?

कोणी म्हणेल, विलायतेची गोष्ट निराळी, तेथे स्त्रियांच्या खेळास मान आहे. तसेही नाही. डिसेंबर १९२० मध्ये लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर डिक कर लेडीज या कामगार मुलींच्या संघाचा सामना पाहावयास त्रेपन्न हजार लोक लोटले होते. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने हा खेळ स्त्रियांस योग्य नाही असे ठरवून आपल्या अखत्यारीतील मैदाने त्यांना बंद केली. ही बंदी १९७०-७१ च्या सुमारास उठली. जवळजवळ पन्नास वर्षे! आणि ज्या वेस्ट हॅमचे आम्ही नाव घेतले, त्या क्लबाचा महिला संघ पूर्णवेळ व्यावसायिक झाला तो २०१८ साली, म्हणजे अदिती चौहान तेथून निघाल्या त्याच वर्षी. त्यांनी ज्या व्यवसायात पाऊल टाकले तो व्यवसाय त्यांच्या पायांखाली नुकता बांधला जात होता. आपल्या देशातही महिला फुटबॉलची राष्ट्रीय लीग २०१६-१७ पासूनची. घरे नसलेल्या वस्तीत आधी जाऊन राहावे, त्यातला हा प्रकार.

भारतात परतल्यावर त्या केरळातील गोकुलम या क्लबाकडून खेळल्या. १४ फेब्रुवारी २०२० रोजी बंगळूर येथे लीगचा अंतिम सामना मणिपुरातील क्रिप्सा संघाशी झाला. गोकुलमने तो तीन-दोनने जिंकून आपले पहिले विजेतेपद मिळविले. २०२१ मध्ये आइसलंडच्या हामार या संघातर्फे त्या खेळल्या. हा संघ ह्वेरागेर्दी नावाच्या गावचा. जमिनीतून उकळते पाणी निघते आणि त्याच्या उबेवर काचघरांत भाजी पिकवितात असे ते गाव आहे. टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या मुलखाच्या माणसास हे वर्णन परीकथेसारखे वाटावे. राष्ट्रीय संघाबरोबर २०१२, २०१६ व २०१९ अशी तीन वेळा दक्षिण आशियाई अजिंक्यपदे त्यांनी अनुभविली.

या साऱ्या विजयांपेक्षा आम्हांस एक बरोबरीचा सामना अधिक बोलका वाटतो. तो आपल्या महाराष्ट्रातच झाला. जानेवारी २०२२ मध्ये स्त्रियांची आशियाई स्पर्धा नवी मुंबई, मुंबई आणि पुणे येथे भरली होती. यजमान म्हणून भारतास प्रवेश होता. २० जानेवारीस नेरुळच्या डॉ. डी. वाय. पाटील मैदानावर भारत विरुद्ध इराण हा सामना झाला, गोलात अदिती चौहान होत्या, निकाल शून्य-शून्य. गोलरक्षिकेस आपल्या पाठीमागचे जाळे कोरे राहण्याहून अधिक काय हवे? परंतु तीनच दिवसांनी, करोनाच्या साथीमुळे, चिनी तैपेईविरुद्ध उभा करण्यापुरताही संघ आपल्याकडे उरला नाही. भारत स्पर्धेबाहेर गेला, आणि नियमानुसार त्याचा खेळलेला सामनाही रद्द धरण्यात आला. त्या दिवशी अडविलेला प्रत्येक चेंडू कागदावरून पुसला गेला. शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्यांस, खळ्यावर आलेले पीक पावसाने जाणे म्हणजे काय ते कळते.

५ जुलै २०२५ रोजी थायलंडातील चिआंग माई येथे भारताच्या मुलींनी यजमानांस दोन-एकने हरविले आणि पात्रता-फेरी जिंकून त्या प्रथमच आशियाई स्पर्धेस पोहोचल्या. दोन्ही गोल संगीता बासफोर यांचे. गोलात मणिपूरच्या पंथोई चानू. त्यानंतर बाराच दिवसांनी अदिती चौहान यांनी निवृत्ती जाहीर केली. सतरा वर्षांची कारकीर्द, सत्तावन्न आंतरराष्ट्रीय सामने, वय बत्तीस. निवृत्त होताना त्यांनी जे सांगितले त्यातील एक गोष्ट आम्ही मुद्दाम टिपून ठेवली आहे: शिक्षण आणि खेळ यांपैकी एकाची निवड करण्याची पाळी आपल्यावर कधी आली नाही. आपल्या वाटेस आखलेला नकाशा नव्हता, असेही त्या म्हणाल्या. २०१८ पासून मुलींना हा खेळ शिकविण्यासाठी दिल्लीकडे त्यांनी स्वतःची प्रबोधिनीही चालविली.

पैशाचे काय, हा प्रश्न पालकांच्या मनात असणारच, आणि तो विचारणे गैर नव्हे. खोटी आशा दाखविण्याचा आमचा हेतू नाही. २०२३ साली अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने राष्ट्रीय लीगमधील क्लबांसाठी जो आराखडा ठरविला त्यात किमान दहा भारतीय खेळाडूंस वर्षाला तीन लाख वीस हजार रुपये तरी मिळावेत अशी अट घातली. म्हणजे महिन्यास सत्तावीस हजारांच्या आत. एवढ्यावर मुंबईत खोली मिळत नाही. शिवाय गुडघा दुखावला तर वर्ष जाते, आणि गुडघ्याच्या स्नायुबंधाची दुखापत मुलींत मुलांपेक्षा अधिक आढळते, असे वैद्य सांगतात. म्हणूनच पदवी हवी, आणि पदवी असूनही खेळ सोडावयास नको. कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लज तालुक्यात बेकनाळ नावाचे खेडे आहे. तेथील अंजू तुरंबेकर फुटबॉल खेळल्या, पुढे आशियाई महासंघाचा ‘अ’ दर्जाचा प्रशिक्षक-परवाना मिळविला आणि राष्ट्रीय महासंघात लहान मुलांच्या फुटबॉलचे काम सांभाळले. मराठी खेड्यातली मुलगी या वाटेने कोठवर जाते, हे त्यावरून दिसावे. आणि इतके लांब तरी कशाला जा? आपल्या शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळे खोखोच्या भारतीय संघाच्या कर्णधार झाल्या, २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक घेऊन आल्या, आणि २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. धाराशिव येथून किती दूर आहे, हे आम्ही सांगावयास हवे काय?

रंग काळवंडेल, तोंडावर वण राहील, मग स्थळे कशी येतील, हा आणखी एक आक्षेप. वधूवर-परिचयाच्या पुस्तिकेचे काम आम्ही अकरा वर्षे पाहिले. उन्हात खुरपणी करणाऱ्या मुलींची लग्ने होतात. यापलीकडे या आक्षेपास उत्तर देण्याची आवश्यकता आम्हांस वाटत नाही.

आता ती हकिकत. तीन वर्षांपूर्वी शिष्यवृत्ती-समितीपुढे इयत्ता नववीतील एका मुलीचा अर्ज आला. मुलगी आपल्याच ज्ञातीतील, मुरुडचीच. फुटबॉलच्या निवड-चाचणीस परगावी जाण्याचे भाडे, दोन दिवसांचा खर्च आणि गोलरक्षकाचे हातमोजे मिळून सत्तावीसशे रुपयांची मागणी होती. समितीचे अध्यक्ष आम्हीच. अर्जाच्या कोपऱ्यात आम्ही लिहिले, ‘शिक्षणेतर बाब. विचार नाही.’ आणि खाली सही केली. अर्ज वाचावयास आम्हांस अर्धे मिनिट देखील लागले नसेल. त्याच बैठकीत सत्कारासाठी शाली-श्रीफळे आणि हारतुरे यांकरिता याच्या तिपटीहून अधिक रक्कम मंजूर झाली. तिच्यावर मात्र पाऊण तास चर्चा चालली होती, आणि ती शालींच्या रंगाविषयी. मुलगी चाचणीस गेली नाही. तिने पुढे अर्जही केला नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नातीने हट्ट धरला म्हणून आम्ही तिला संध्याकाळी मैदानावर घेऊन गेलो. दोन बांबू रोवून गोल केलेला होता. त्यापुढे पाचट पसरले होते, वर गोणपाट. सात-आठ लहान मुली ओळीने त्यावर कुशीवर पडावयास शिकत होत्या, आणि त्यांना शिकविणारी मुलगी मोठ्या, खणखणीत आवाजात ओरडत होती, “माझा म्हण! मोठ्याने म्हण!” तिच्या हातांत घरकामाचे रबरी मोजे होते. ती कोण, हे आम्ही तिच्या वडिलांस पाहिले तेव्हा ओळखले. ते कडेला सायकल धरून उभे होते. त्यांनी आम्हांस नमस्कार केला, नातीची विचारपूस केली, आणि मग जरा संकोचाने, धाकट्या मुलीसाठी समितीचा छापील अर्ज कोठे मिळेल असे विचारले. ही धाकटीही गोलातच उभी राहते. थोरलीच्या अर्जाविषयी त्यांनी चकार शब्द काढला नाही. काढला असता तर आम्हांस बरे वाटले असते.

ते गृहस्थ आज या सभेत मागील रांगेत बसले आहेत. त्यांचे नाव आम्ही घेत नाही. ते त्यांना आवडणार नाही. त्यांची आणि त्यांच्या थोरल्या कन्येची आम्ही या जागेवरून क्षमा मागतो.

शिष्यवृत्तीच्या नियमांत ‘शिक्षण’ या शब्दापुढे ‘व क्रीडा’ एवढे दोन शब्द घालावेत, चाचणीचा प्रवासखर्च व साहित्य यांस मुलगा-मुलगी असा भेद न करता साहाय्य द्यावे, आणि सामना हरल्यामुळे कोणाचे साहाय्य बंद करू नये, असा ठराव आम्ही लिहून आणला आहे. सत्कारांच्या खर्चातून निम्मी रक्कम याकडे वळविली तर वर्गणी वाढवावी लागत नाही. हिशेब खजिनदारांनी तपासला आहे. धाकट्या मुलीचा भरलेला अर्जही आमच्यापाशी आहे. त्याच्या कोपऱ्यात अजून कोणी काही लिहिलेले नाही. ठराव मांडण्याची अनुज्ञा अध्यक्ष महाराजांनी द्यावी, एवढी विनंती करून आम्ही खाली बसतो.